जुनं की नवं, तेवढं सांगून जायचंस

दादा,

काल बारामतीहून रफिकभाईंचा फोन आला. "ताई, दोन्ही घड्याळं अजून बाजूला काढून ठेवलीत. जुन्याला एक गिऱ्हाईक सारखं विचारतंय. तुमचं काय ठरलं?" मी पोळ्या करत होते, कणकेच्या हातानंच फोन धरलेला. सवयीनं म्हणून गेले, "थांबा जरा, दादाला विचारून सांगते."

पलीकडं रफिकभाई होते. तुझ्या मयतीला कळस गावापर्यंत आलेला, तुला खांदा दिलेला माणूस तो. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "बरं ताई, विचारा. रविवारपर्यंत कळवलंत तरी चालेल." आणि फोन ठेवला.

शब्द दिला आहे म्हणून आता विचारते. तुला जाऊन अकरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. लोक उठून उठून तुझ्याविषयी चांगलं बोलले. "शांत स्वभावाचा माणूस," असं तिघांनी सांगितलं. मी मागं बसले होते, मला हसू आलं. वहिनीनं वळून माझ्याकडं पाहिलं तर तिच्याही ओठांवर तेच. शांत म्हणे! चौसष्ट वर्षं मी ह्या माणसाशी भांडत आलेय, मला विचारा की. मी पूर्व म्हटलं की तू पश्चिम. आई म्हणायची, ह्या दोघांना एका ताटात वाढलं तर ताटाचे दोन तुकडे होतील.

तर विषय घड्याळाचा. सोमवारी प्रज्ञा कामावर रुजू होतेय. तुझी उशिरा झालेली लेक, कनिष्ठ अभियंता. ज्या कालव्याच्या खात्यात तू पाणी मोजत जन्म काढलास तिथंच, तुझ्याहून चार पायऱ्या वर. पहिल्या दिवशी तिच्या मनगटावर क्रोनोग्राफ हवं, हे टुमणं तुझंच. "आत्याकडून आणि माझ्याकडून मिळून," असं तिला सांगूनही टाकलंस. कुठल्या जातीचं घ्यायचं तेही तूच ठरवलंस. फक्त जुनं घ्यायचं की नवं एवढंच राहिलं होतं. आणि तू सकाळी पाटाकडं फिरायला म्हणून गेलास, तो परत आलाच नाहीस.

मोबाईल असताना हे कशाला, असं वहिनीनं विचारलं होतं. तू तिला किती हौसेनं समजावलंस! "टाइम तर दावतंच ते. पर कडंला दोन बटनं असत्यात. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळतुया, परत दाबलं की थांबतुया. खालचं दाबलं की पुन्ना जाग्यावर. आन मोबाईलच्या काचेवर वलं बोट चालत न्हाय. पाटावर मानसाचं बोट कवा कोरडं असतंय?" त्यावर मी काही बोलले नाही, कारण ते खरं होतं. तुझं खरं असलं की मी गप्प बसायचे, हे तुझ्या कधी लक्षात आलं होतं का?

तुझ्या मनगटावर नोकरीभर जे होतं ते खात्याचं. पांढऱ्या तबकडीचं, आत दोन छोट्या तबकड्या, रोज किल्ली द्यावी लागायची. कुणा जुन्या इंजिनिअरच्या काळापासून कपाटात पडलेलं, तुझ्या वाट्याला आलं. निवृत्तीच्या दिवशी ते जमा केलंस आणि पावती घेतलीस. त्यानंतर दुसरं घड्याळ बांधलं नाहीस. वेळ विचारायची झाली की डावं मनगट वर करायचास, पाहायचास, आणि मग मला विचारायचास, "किती वाजलं गं?"

लग्नाआधी सुट्टीत मी तुझ्याबरोबर पाटावर यायचे. दोन दोऱ्या पाटावर आडव्या बांधायच्या, मधलं अंतर मोजून. वरच्या अंगाला मी पाण्यात काहीतरी तरंगतं सोडायचं. पहिल्या दोरीखालून गेलं की तू बटण दाबायचास, दुसरीखालून गेलं की परत. इतक्या अंतराला इतके सेकंद, म्हणजे पाण्याचा वेग इतका, म्हणजे पुढच्या चारीला, शेतांकडं जाणाऱ्या लहान फाट्याला, पाणी इतकं. तू लिंबू सोडायला लावायचास. लिंबू निम्मं बुडतं, वाऱ्यानं भरकटत नाही, हे तुझं शास्त्र. चार दिवसांत खालच्या वस्त्यांवर बोभाटा झाला, पाटानं रोज लिंबं वाहत येतायत, कुणीतरी करणी करतंय! बायका धुणं घेऊन पाटावर येईनात. तू कपाळ बडवलंस आणि लिंबाऐवजी वांगं सोडायला लागलास. मग त्याच बायका वांगी धरायला पाटावर बसू लागल्या. "मोजनीदाराचं वांगं आलं का न्हाय अजून?" असं विचारायच्या. तुझ्या कार्यक्रमात हे कुणीच सांगितलं नाही. मी सांगणार होते, पण माझ्याच्यानं उठवलं नाही.

रफिकभाईंच्या दुकानात आपण गेलो तो दिवस तुला आठवत असेलच. तू कळसहून आलास, मी इंदापूरहून. त्यांनी दोन्ही घड्याळं मखमलीवर ठेवली. एक जुनं, तुझ्या खात्याच्या घड्याळाचं सख्खं भावंड. पन्नासेक वर्षांचं, तबकडी सायीसारखी पिवळट झालेली, काचेवर बारीक चरे. दुसरं नवंकोरं. त्याच कंपनीनं तीच तबकडी, तेच काटे, तीच बटणं पुन्हा काढलेली, फक्त जरा मोठं. किल्ली नको, हात हलला की चालतं, काचेला चरा जात नाही, पाण्यात पडलं तरी फिकीर नाही. तू एक ह्या हाताला बांधलंस, एक त्या हाताला, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलास. रस्त्यावरच्या दोन खांबांमधून मोटरसायकली किती सेकंदांत जातात ते दोन्ही अंगठ्यांनी मोजत होतास. लोक बघत होते. रफिकभाई मला म्हणाले, "ताई, असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय. लोक आरशात बघतात, हे वाहतूक मोजतायत."

अर्धा तास मोजलंस. दोन्ही घड्याळांत सेकंद तेवढेच येत होते. तुला त्याचं बरं वाटलं की वाईट, ते काही तुझ्या तोंडावरून कळेना.

मी म्हणाले, "नवं घेऊ. पोरगी पाण्यात हात घालणार, जुनं दोन दिवसांत भिजेल."

"न्हाय," तू म्हणालास. "जुनं. किल्ली द्यावी लागती ना, त्येच चांगलं हाय. सकाळी किल्ली देताना मानूस इचार करतुया, आज काय मोजायचंय. आन जुन्याचं भ्या वाटतं. भ्या वाटलं की मानूस दोनदा मोजतुया. नव्यावर भरवसा टाकून झोपतुया."

ते भ्या कुठलं हे रफिकभाईंना कळलं नाही. मला कळलं. तुझं ते खात्याचं घड्याळ तुझ्याशी एकदा खोटं बोललं होतं.

तीस वर्षं होऊन गेली त्याला. मी इंदापूरला शाळेत गणित शिकवत होते. वेग म्हणजे काय ते दाखवायला वर्गातल्या मुलींना तुझ्या पाटावर घेऊन आले, शाळेचं खेळाचं स्टॉपवॉच घेऊन. तू एक्केचाळीस सेकंद म्हणालास, माझे आले त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. तुझे चाळीस, माझे बेचाळीस. "सुमे, तुझा अंगठा घाई करतुया," सगळ्या मुलींदेखत तू म्हणालास. मी म्हणाले, "घाई करत असता तर दोन्ही दोऱ्यांना केली असती, वजा होऊन गेली असती." मुली खी खी हसल्या. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस.

नवव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आलास आणि ते घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलंस. बटण दाबलंस. काटा जागचा हलला नाही. एक, दोन, आणि मग सुटला. बटण दाबल्यावर दोन सेकंद अडून पळत होता तो. सेकंद कमी पडले की हिशेबात पाण्याचा वेग वाढतो, म्हणजे कागदावर पाणी जास्त दिसतं. शेवटच्या चारीवाल्यांना पाणी कमी जात होतं आणि तू पुरेपूर लिहीत होतास. पाणी सोडायच्या सलग दोन पाळ्या. ते लोक तक्रार घेऊन आले तेव्हा तू त्यांना वही उघडून दाखवली होतीस, आकडा बघा म्हणून. आकडा बघून ते बिचारे गप्प परत गेले होते.

मी तुला काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. म्हणाले, घड्याळ दुरुस्त करून आण, पुढच्या पाळीला चार बोटं जास्त सोड, आणि तोंड बंद ठेव. आपल्या आज्याला ज्या गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते त्या गावाचं पाणी तू मोजत होतास. तुझी मान ताठ असायची ती त्यामुळं, आणि मला धाकधूक असायची तीही त्यामुळंच. दुसऱ्याची चूक लोक वर्षभरात विसरतात, आपल्या माणसाची चार पिढ्या काढतात.

तू ऐकलं नाहीस. चावडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलंस, माझं घड्याळ अडत होतं, मी तपासलं नाही, दोन पाळ्या तुमचं पाणी कमी गेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या आबांचं बोलणं तू मला घरी येऊन सांगितलंस. "मोजनीदार, तुमचा आकडा बघून आमी गप बसलो, आन तिकडं ऊस वाळला. पर चुकलं म्हून सांगाय आलेला सरकारी मानूस ह्यो पयलाच बघितला." एवढंच सांगितलंस. त्याच सभेत मागून कुणीतरी म्हणालं होतं, "ह्येंच्या हातात पानी दिल्यावर दुसरं काय हुनार?" ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. मला दुसरीकडून कळलं. मला ते कळलं होतं हे मीही तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

पुढच्या पाळीला शेवटच्या चारीला एक दिवस जादा पाणी मिळालं. तुला मिळालं ताकीदपत्र, आणि लांबची बदली. तुझ्या मागून आलेले पुढं गेले. दरवेळी कुणाच्या बढतीचा पेढा घरी आला की मी तो विषय काढायचे. तू म्हणायचास, "मंग काय, जलमभर त्या खोट्या आकड्यावर सही ठिवू?" मी म्हणायचे, "सही नको, पण पोटापुरती अक्कल तर ठेव." तीस वर्षं हेच. ना तू हटलास, ना मी.

दुकानातून निघून आपण वाट वाकडी करून भिगवणला गेलो, मासे खायला. तुझा हट्ट. तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी, कांदा. जेवता जेवता मला तुझं म्हणणं पटायला लागलं होतं. म्हणाले, "दादा, जुनंच घेऊ. तू म्हणतोस ते खरं आहे, दोनदा मोजायची सवय लागेल पोरीला."

तू काटा काढता काढता मान हलवलीस. "न्हाय. नवं घिऊ."

"अरे, आत्ता तासाभरापूर्वी जुनं म्हणत होतास ना!"

"व्हय. पर आपलं भ्या पोरीला कशापायी द्यायचं? तिला तिचं काय ते भ्या हुईल की."

मी डोक्याला हात लावला. हॉटेलवाला हसायला लागला. मला वाटलं, झालं, हा जन्मात ठरवत नाही. आणि तेवढ्यात, ताटाकडं बघतच, तू म्हणालास, "सुमे, तवा त्या चावडीत गप बसलो असतो तर बरं झालं असतं. तुझंच खरं हुतं."

दादा, तीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते तू चिलापी खाता खाता बोललास. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही रे. तू सांगितलंस तेच बरोबर होतं. मीच भित्री."

तू वर पाहिलंस. हसलास. "बघ, लगीच उलटी झालीस." आणि आणखी एक भाकरी मागवलीस.

आता मला हे समजत नाहीये. तू ते मनापासून म्हणालास का? की मी नेहमीसारखी उलटं बोलणार हे ठाऊक होतं म्हणून म्हणालास, आणि जे माझ्याकडून तुला तीस वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं ते एका वाक्यात काढून घेतलंस? काढून घेतलं असशील तर शाबास, पाया पडते तुझ्या. पण मनापासून म्हणाला असशील, तर मग तू त्या दिवसापासून आतल्या आत पस्तावत होतास आणि मी तुला एका शब्दानं धीर न देता भाकरी मोडत बसले होते. ह्यातलं कुठलं? आणि मी तरी जे बोलले ते मला पटलं होतं म्हणून बोलले, की फक्त तुझ्या विरुद्ध बोलायचं म्हणून? अकरा दिवस हेच डोक्यात चाललंय. शाळेत पोरींना म्हणायचे, पायऱ्या नीट लिहा, उत्तर आपोआप येतं. इथं पायऱ्या सगळ्या लिहिल्यात, उत्तर येत नाही.

नंतर मी इंदापूरच्या एस.टी.त चढले. तू खिडकीखाली उभा राहून ओरडलास, "डाव्या अंगाला बस! उजनीचं पानी खाली गेलंय, पळसदेवाचं बुडालेलं जुनं देऊळ दिसंल!" आणि मी मुद्दाम उजवीकडं बसले. तू पाहिलंस, हात झटकलास आणि कळसची गाडी धरायला गेलास. देऊळ मी पाहिलं नाही. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते, आणि मी तेवढंही ऐकलं नाही.

काल फोन ठेवल्यावर कळसला गेले. वहिनीला विचारलं, तुला काही बोलला होता का घड्याळाचं?

"बोलले की. जुनं म्हनले, वन्सं. दोनदा म्हनले."

"भिगवणनंतर?"

"त्येच्या दुसऱ्या दिवशी. पर मी म्हनलं, नवं बरं न्हाय का? तवा म्हनले असतील जुनं." एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणजे ही सवय मला एकटीलाच ठाऊक नव्हती तर. मला उगाच वाटायचं की भांडायचा मान फक्त माझा.

प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, "मला म्हणाले, तुझी आत्या म्हणेल ते." मी तिला विचारलं, हे कधी? "सारखंच, आत्या. कुठल्याही गोष्टीला म्हणायचे. कॉलेज निवडताना पण म्हणाले होते." मी थक्क झाले. तिचं कॉलेज निवडताना तू माझ्याशी फोनवर दोन तास भांडला होतास, आणि शेवटी तिला मी सांगितलं होतं तिथंच घातलंस. मला वाटलं होतं, तिनं हट्ट केला असेल.

दादा, हे काय होतं रे? माझ्याशी भांडायचास आणि माझ्यामागं माझंच करायचास? मग तुझं स्वतःचं असं म्हणणं कुठलं होतं? मी इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले तो तू होतास की माझाच प्रश्न उलटा करून बघणारा कुणीतरी होता? आणि माझं म्हणणं तरी माझं होतं का, की तुझ्या धाकानं घासून घासून ते सरळ झालेलं असायचं? राग येतोय तुझा. राग येतोय आणि कुणावर काढावा कळत नाही. तुझे उपकार मानायचे असतील तर ते नेमके कशासाठी मानू, तेही कळत नाही. आईबाप गेल्यावर मला गणितात पुढं शिकवलंस त्यासाठी मानते. बाकीचं तू आधी समजावून सांग.

इथपर्यंत शुक्रवारी लिहून वही मिटली होती. आज रविवार. दुपारी प्रज्ञाला घेऊन बारामतीला जाऊन आले, म्हणून उरलेलं लिहिते.

एस.टी.त मी मनाशी पक्कं केलं होतं, नवं. जुन्याचा काटा पुन्हा अडला तर कुणाच्या तरी उसाला पाणी कमी जाईल, आणि ह्यावेळी सही प्रज्ञाची असेल. लासुर्ण्यापर्यंत हे पक्कं होतं. पुढं वाटायला लागलं, नवं घड्याळ काय अडणारच नाही? आणि ते अडलं तर तिच्या लक्षात तरी येईल का? निदान जुन्याकडं ती संशयानं बघेल. बारामती येईपर्यंत जुनं ठरलं होतं.

रफिकभाईंनी दोन्ही घड्याळं मखमलीवर ठेवली. चहा मागवला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "नवं द्या."

आणि थांबले. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबले.

"बरं आत्या," प्रज्ञा म्हणाली.

"चांगलं ठरवलंत ताई," रफिकभाई म्हणाले, आणि जुनं उचलून बाजूला ठेवायला लागले.

"नाही, थांबा," मी म्हणाले. "जुनं द्या."

"जुनं? बरं. मलाही जुनं आवडलंय," प्रज्ञा म्हणाली.

"हेही चांगलंच आहे," रफिकभाई म्हणाले आणि त्यांनी नवं बाजूला ठेवायला उचललं. कुणी विचारलं नाही, का. कुणी म्हणालं नाही, अहो, आत्ताच तर नवं म्हणत होता.

मी पोरीवर खेकसले. "अगं, तुला काही म्हणायचंच नाही का? इंजिनिअर ना तू? हाताला तू बांधणार ना?"

तिनं माझा हात धरला. "आत्या, दोन्ही चांगली आहेत गं. तुम्ही दोघं देताय, मला तेवढं पुरे."

दोघं, म्हणाली. मी त्या दुकानात, स्टुलावर बसून, चार गिऱ्हाइकांदेखत रडले. चौसष्ट वर्षांची बाई. तुझ्या मयतीला रडले नव्हते इतकी. रफिकभाईंनी पंखा वाढवला आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं. पोरगी पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, "तू म्हणशील ते, आत्या. तू म्हणशील ते."

तू गेल्यापासून माझं सगळ्यांना पटतंय रे. वहिनीला पटतं, प्रज्ञाला पटतं, दुकानदाराला पटतं. मी काहीही म्हटलं तरी लोक माना हलवतात. ह्याच्यानं मला माझंच काही पटेनासं झालंय.

शेवटी पोरीनं बांधून पाहिलं ते घेतलं. मी पुन्हा एकदा फिरले, आणि माझ्या सांगण्यावरूनच बांधलं तिनं. बटण दाबलं, काटा लगेच सुटला, तिचं तोंड उजळलं. उद्या सकाळी नऊला ती कालव्यावर असेल.

नवं घेतलंय, दादा. आता तरी न्हाय म्हण.

तुझी,
सुमी